लागलं

तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबून
वर बघितलंत, तर टायरवाल्याच्या पाटीमागे
एक खिडकी दिसेल, दिवसाही ट्यूबलाइट चालू.
तिथे मी शब्द शिकवतो.
परदेशी निघालेल्या मुलांना, तीन महिन्यांत आठशे.
घोकून नाही, मुळांसकट.

माझा स्वतःचा पासपोर्ट
दोनदा काढला, दोनदा मुदत संपली.
पानं कोरी. अजून नव्या वहीसारखा वास येतो.

चेंदणी कोळीवाड्यातली हेमांगी तांडेल,
आयर्लंडमधल्या इस्पितळासाठी परीक्षा देणारी,
पहिल्याच दिवशी म्हणाली, सर, ट्रिव्हियल म्हणजे?
मी खिडकी उघडली. हॉर्न आत आले.
म्हटलं, ट्राय म्हणजे तीन, व्हिया म्हणजे वाट.
रोमन माणसं तिठ्यावर उभी राहून
जे काही बोलायची, बाजारभाव, उधाऱ्या, शेजाऱ्याचं लग्न,
ते ट्रिव्हियल.
खाली दोन रिक्षावाले सुट्ट्या पाच रुपयांवरून
दोन हजार वर्षं जुनं काहीतरी बोलत होते.

तिनं वहीत लिहिलं:
ट्रिव्हियल बरोबर तीन हात नाका.
मी खोडलं नाही.

पुढची वाट सरळ नव्हती.
ट्रॅव्हलच्या पोटात तीन खुंट निघाले,
माणसाला बांधून छळायचे.
तिनं पेन खाली ठेवलं.
मी म्हटलं, तेव्हा सीटा आरामशीर नव्हत्या गं.
विनोद पडला. पंखा तेवढा फिरत राहिला.

व्हॉयेजमध्ये मात्र शिदोरी सापडली,
वाटखर्चाची, वाटेत खायची.
मग तिला सुकट आठवली,
आणि किती किलो नेऊ देतात,
आणि बॅगेला वास सुटला तर काय.
त्या दिवशी चारच शब्द झाले.

अराइव्ह माझा लाडका.
त्याच्यासाठी मी फळ्यावर आडवी रेघ ओढतो. हा काठ.
लॅटिनमध्ये पोचणं म्हणजे काठाला येणं.
विमानातून उतरणारा माणूससुद्धा
भाषेच्या हिशेबानं होडीतूनच उतरतो.
एवढं बोलून मी नेहमी थोडा थांबतो,
मुलं इथे मान डोलावतात.
ती म्हणाली, त्यात काय? आमच्याकडे होडी लागते.
बाबा खाडीतनं हाळी द्यायचे, लागली!
की आई टोपली उचलायची.

आडनावातच जिच्या नाव,
तिला मी खडूनं काठ काढून दाखवत होतो.

नॉशियाला तर मी पुरता हरलो.
ग्रीक नाऊस म्हणजे जहाज, आपली नौका त्याच घरातली,
त्यावरून ही मळमळ, असं सांगतोय तोवर
हो सर, म्हणाली, बोट लागते.
काठालाही लागते, पोटालाही लागते.
रोमनं एक शब्द घेतला, ग्रीसनं दुसरा,
चेंदणीचं एकात भागलं.

निकाल लागला तेव्हा पेढे नाही,
वर्तमानपत्रात बांधून वाकट्या घेऊन आली.
फळ्याखाली आठवडाभर वास होता.

काल रात्री पावणेतीनला फोन थरथरला.
हल्ली मी क्लासातच झोपतो.
तिचा मेसेज. एकच शब्द.
लागलं.

विमान असेल. किंवा पोट.
किंवा परक्या दारात बोट चेमटतं
तसं नुसतंच कुठेतरी
लागलं असेल.
चष्मा शोधला, पुन्हा वाचलं.
माझ्या आठशेतला एकही तिनं वापरला नव्हता.

खाली नाका रिकामा.
पिवळा दिवा सगळ्या वाटांना
एकच उघडझाप दाखवत होता.
मी टाइप केलं, काय लागलं?
पुसलं.
मुळं उकरायची ही वेळ नव्हे.
लिहिलं,
जेवलीस?